कोष्टक आणि व्याकरण : एलआर अन्वयपद्धतीचे एक परीक्षण

भाषांचे डावीकडून उजवीकडे भाषांतर कसे करावे ह्याविषयीचा डोनाल्ड क्नूथ ह्यांचा निबंध १९६५ साली ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणकाच्या भाषांचा अन्वय यंत्राकडून कोष्टकाच्या आधारे लावून घेण्याची कल्पना त्यापूर्वीचीच होती. झॅमेल्सन आणि बाउअर ह्यांनी १९६० साली चवड आणि संक्रमणकोष्टक ह्यांच्या साहाय्याने गणिती सूत्रे वाचण्याची रीत मांडली होती, व फ्लॉईड ह्यांनी १९६३ साली क्रियाचिन्हांच्या अग्रक्रमाचे कोष्टक व्याकरणावरून कसे काढावे हे दाखविले होते. परंतु ह्या रीती व्याकरणांच्या एका अरुंद वर्गापुरत्याच उपयोगी होत्या. क्नूथ ह्यांनी जी पद्धती दिली, जिला पुढे एलआर हे नाव रूढ झाले, ती एकदा पाहिलेले चिन्ह पुन्हा न पाहता डावीकडून उजवीकडे निश्चितपणे वाचता येणाऱ्या सर्व भाषांना पुरेशी आहे. निबंधाचे तांत्रिक महत्त्व त्यामुळे निर्विवाद आहे. ह्या परीक्षणाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. कोष्टक हे व्याकरणाचे प्रामाणिक रूपांतर असते, ह्या समजुतीवर गेल्या साठ वर्षांतील बरेचसे अध्यापन उभे आहे. ही समजूत क्नूथ ह्यांच्या सिद्धान्तात खरी आहे. त्यावरून तयार झालेल्या साधनांत ती कितपत खरी राहिली, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कोष्टकाचे स्वरूप प्रथम एका लहान उदाहरणाने स्पष्ट करणे इष्ट होईल. केवळ वजाबाकीची भाषा घ्यावी. तिचे व्याकरण तीन नियमांचे आहे. पहिला नियम : ‘वजाबाकी’ म्हणजे ‘वजाबाकी’, तिच्यामागून उणे-चिन्ह, त्यामागून ‘पद’. दुसरा : ‘वजाबाकी’ म्हणजे नुसते ‘पद’. तिसरा : ‘पद’ म्हणजे अंक. वाचन कोठवर आले ह्याच्या नोंदी करीत गेले असता ह्या व्याकरणाच्या शून्यापासून पाचापर्यंत सहा अवस्था होतात. शून्य ही आरंभीची अवस्था. पहिल्या अवस्थेत एक पूर्ण वजाबाकी हाती असते. दुसरीत नुकतेच एक सुटे पद हाती आलेले असते. तिसरीत नुकताच अंक वाचलेला असतो. चौथीत उणे-चिन्ह वाचून पुढील पदाची अपेक्षा असते. पाचवीत पहिल्या नियमाची उजवी बाजू पुरी झालेली असते. कोष्टकाच्या सहा ओळी ह्या सहा अवस्थांच्या. स्तंभ पाच : अंक, उणे आणि समाप्ती ही तीन वाचावयाची चिन्हे, तसेच ‘वजाबाकी’ व ‘पद’ हे दोन वर्ग. म्हणजे एकंदर घरे तीस.

आता ७ − ३ − २ हे वाक्य द्यावे. यंत्र शून्य अवस्थेत अंक पाहते; कोष्टक सांगते की त्याचे ग्रहण करून तिसऱ्या अवस्थेत जा. तेथे पुढचे चिन्ह उणे आहे. कोष्टक सांगते की तिसऱ्या नियमाने संक्षेप कर, म्हणजे चवडीवरील अंक काढून त्याच्या जागी ‘पद’ ठेव. चवडीत खाली शून्य अवस्था उघडी पडते, तेथून ‘पद’ ह्या स्तंभात दुसरी अवस्था लिहिलेली आहे. दुसरीत पुन्हा संक्षेप, व यंत्र पहिल्या अवस्थेत येते. मग उण्याचे ग्रहण, अंकाचे ग्रहण, अंकाचे पद. आता अवस्था पाचवी. येथे पुढचे चिन्ह दुसरे उणे असले तरी कोष्टक ग्रहण करू देत नाही. आधी पहिल्या नियमाने संक्षेप करावयास लावते. त्यामुळे ७ − ३ ही एक वजाबाकी होऊन बसते, आणि मगच २ वाचला जातो. उत्तर २ येते, ६ येत नाही. वजाबाकी डावीकडून करावी ही शाळेत शिकविलेली गोष्ट यंत्राला कोणी निराळी सांगितलेली नाही. ती पहिल्या नियमात ‘वजाबाकी’ हा वर्ग उण्याच्या डावीकडे लिहिला ह्या एकाच गोष्टीतून आली आहे.

ह्या तीस घरांपैकी तेराच भरलेली असतात. उरलेल्या सतरांपैकी वर्गांच्या स्तंभांतील नऊ घरे कधी पाहिलीच जात नाहीत. राहिलेली आठ रिकामी घरे मात्र भाषाशास्त्रज्ञाला विचार करावयास लावणारी आहेत. पहिल्या अवस्थेत अंकाच्या स्तंभात काही लिहिलेले नाही. म्हणून ‘७ ३’ हे वाक्य अशुद्ध. व्याकरणाच्या पुस्तकात अशुद्धता ही नियमांत न बसण्याने अप्रत्यक्षपणे ठरते. येथे तिला स्वतःची जागा आहे. शिवाय क्नूथ ह्यांच्या मूळ पद्धतीत अशुद्ध चिन्ह समोर येताच, आणखी एकही संक्षेप न करता, यंत्र थांबते. वाक्याचा जेवढा भाग तोवर वाचला, तो कोणत्या तरी शुद्ध वाक्याचा आरंभ असतोच असतो, अशी ह्या पद्धतीची हमी आहे.

दुसरी हमी ह्याहून मोलाची. ज्या व्याकरणाचे कोष्टक एकाही घरात दोन आज्ञा न येता पुरे होते, ते व्याकरण असंदिग्ध असते. त्यातील कोणत्याही वाक्याचे दोन अन्वय संभवत नाहीत. एखादे व्याकरण संदिग्ध आहे किंवा कसे, हे सर्व व्याकरणांना लागू पडेल अशा एका यांत्रिक रीतीने ठरविता येत नाही, हे कँटर आणि फ्लॉईड ह्यांनी १९६२ सालीच दाखवून दिले होते. अशा स्थितीत असंदिग्धतेचे प्रमाणपत्र यंत्राकडून मिळावे, मग ते काही असंदिग्ध व्याकरणांना नाकारले गेले तरी चालेल, ही लहान गोष्ट नव्हे. व्याकरणकार आणि त्याचे व्याकरण ह्यांच्यामध्ये प्रथमच एक निःपक्षपाती परीक्षक आला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या परीक्षकाचे पुढे काय झाले हाच खरा प्रश्न आहे.

मूळ पद्धतीची अडचण आकाराची होती. पास्कलसारख्या भाषेसाठी एलआर-कोष्टकाच्या अवस्था हजारांच्या घरात जातात, आणि त्या काळच्या यंत्रांच्या स्मृतीत एवढे कोष्टक मावणे कठीण होते. फ्रँक डीरेमर ह्यांनी १९६९ च्या आपल्या प्रबंधात एलएएलआर नावाची युक्ती सुचविली. पुढील चिन्हांचा भाग सोडून बाकी बाबतीत सारख्या असणाऱ्या अवस्था त्यामुळे एकत्र होतात, आणि हजारांच्या जागी काही शेकडा अवस्थांत काम भागते. ह्या सोयीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. मूळ कोष्टकात विरोध नसलेल्या व्याकरणातही अवस्था एकत्र केल्याने क्वचित दोन संक्षेपांचा विरोध उत्पन्न होतो. आणि अशुद्ध चिन्ह दिसल्यावर तत्काळ थांबण्याऐवजी यंत्र आधी काही संक्षेप करून मग थांबते. ते अशुद्ध चिन्हाचे ग्रहण करीत नाही हे खरे. पण थांबेपर्यंत त्याने आपल्या हातातील पुरावा थोडा विस्कटलेला असतो. ही किंमत काटकसरीच्या हिशेबात बसणारी होती, आणि तिजबद्दल फारशी तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रारीची जागा पुढे आहे. स्टीफन जॉन्सन ह्यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेल्या ‘याक’ ह्या साधनाचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. व्याकरण लिहून द्यावे व याकने त्याचे कोष्टक करून द्यावे, अशी ही व्यवस्था. त्याच वर्षी एहो, जॉन्सन आणि उलमन ह्यांनी संदिग्ध व्याकरणांच्या निश्चित अन्वयावर एक निबंध लिहून ह्या साधनाची तात्त्विक बाजू मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संदिग्ध व्याकरण पुष्कळदा असंदिग्ध व्याकरणापेक्षा लहान आणि सहज वाचता येणारे असते, त्यावरून होणारे कोष्टकही लहान होते, तेव्हा संदिग्धता व्याकरणातून काढून टाकण्याऐवजी, कोष्टकातील विरोधाच्या घरी कोणती आज्ञा ठेवावी हे बाहेरून सांगावे. बेरीज, गुणाकार, घात अशा पाचदहा पायऱ्यांचे वर्ग केवळ अग्रक्रमासाठी व्याकरणात घालणे कंटाळवाणे असते, हे ज्याने एकदाही असे व्याकरण लिहिले आहे त्याला मान्य करावे लागेल. अग्रक्रमाची यादी देऊन ‘वजाबाकी डावीकडून’ असे स्पष्ट लिहिणे हे एक प्रकारे अधिक प्रामाणिकही आहे. कारण वरील उदाहरणात जी गोष्ट नियमाच्या रचनेत दडली होती ती येथे उघड शब्दांत येते.

परंतु निबंधातील हा युक्तिवाद जेथे लेखक विरोध सोडविण्याची आज्ञा स्वतः देतो तेवढ्यापुरता आहे. याक त्याच्या पुढे जातो. लेखकाने काहीच सांगितले नाही तर तो आपल्या मनाने निर्णय घेतो : ग्रहण आणि संक्षेप ह्यांचा विरोध असेल तर ग्रहण करावयाचे, दोन संक्षेपांचा विरोध असेल तर व्याकरणात आधी लिहिलेला नियम घ्यावयाचा. आणि मग कोष्टक तयार होते, अन्वय लागतो, यंत्र चालू लागते. विरोध किती होते हे एका ओळीत कळविले जाते.

ग्रहणाला प्राधान्य देण्याचा नियम ‘नाहीतर’च्या प्रसिद्ध प्रश्नासाठी सोयीचा आहे. सी ह्या भाषेत दोन ‘जर’ एकात एक आले आणि शेवटी एकच ‘नाहीतर’ आला, तर तो सर्वांत जवळच्या सुट्या ‘जर’शी जोडावा, असे त्या भाषेच्या १९७८ च्या ग्रंथात गद्यात सांगितलेले आहे, आणि ग्रहणाचे प्राधान्य नेमके हेच करते. ह्यावरून याकचा नियम म्हणजे जणू भाषेच्या स्वभावाचेच सूत्र आहे अशी समजूत विद्यार्थ्यांत पसरलेली आढळते. ती किती निराधार आहे हे वजाबाकीवर ताडून पाहावे. वरील तीन नियमांऐवजी ‘वजाबाकी म्हणजे वजाबाकी उणे वजाबाकी, किंवा अंक’ असे दोन पर्यायांचे संदिग्ध व्याकरण याकला दिले आणि दुसरे काही सांगितले नाही, तर ७ − ३ वाचून झाल्यावर दुसऱ्या उण्यापाशी विरोध येतो. याक ग्रहण निवडतो. ३ − २ आधी होते, आणि उत्तर ६ येते. वाक्य शुद्ध, अन्वय पुरा, कोष्टक निर्दोष, आणि हिशेब चूक. एका ठिकाणी सोयीचा ठरलेला नियम दुसऱ्या ठिकाणी गणिताच्या विरुद्ध जातो, ह्याचे कारण त्या नियमामागे भाषेविषयी कोणतेही विधान नाही. काही तरी निवडलेच पाहिजे म्हणून एक निवडले, एवढेच त्यात आहे.

‘नाहीतर’चा प्रश्नही वाटतो तेवढा सरळ नाही. ‘पाऊस थांबला तर, दुकान उघडे असेल तर भाजी आणावी, नाहीतर पिठले करावे’ हे मराठी वाक्य घ्यावे. जवळच्या ‘तर’शी जोडले तर दुकान बंद असताना पिठले करावयाचे, आणि पाऊस न थांबल्यास काय करावे ह्याविषयी वाक्य मौन. दूरच्याशी जोडले तर पाऊस न थांबल्यास पिठले, आणि दुकान बंद असल्यास मौन. मराठी घरात हे वाक्य ऐकणारा माणूस ह्यांपैकी कोणताच अर्थ घेत नाही. भाजी मिळाली नाही तर, मग ती कोणत्याही कारणाने न मिळो, पिठले करावे असा अर्थ तो घेतो. हा तिसरा अर्थ दोन अन्वयवृक्षांपैकी एकातही नाही. तेव्हा कोणती शाखा निवडावी एवढाच वाद आहे असे मानणे हे कोष्टकाच्या घरातून भाषेकडे पाहण्यासारखे आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हा तिसरा अर्थ नको असणे योग्यच. परंतु तो नको असे भाषेच्या कर्त्याने सांगावयाचे असते, कोष्टक करणाऱ्या साधनाने नव्हे. अल्गोल ६० च्या १९६३ च्या सुधारित अहवालात ‘जर…तर’ नंतर लगेच दुसरे सोपाधिक वाक्य येऊ नये असे बंधन घातले गेले, ते ह्या दृष्टीने अधिक जबाबदार होते, जरी त्यातूनही काही कोपरे सुटले व १९६६ पर्यंत त्यांवर लेख येत राहिले.

बायसन ह्या याकच्या वंशजात ‘एक्स्पेक्ट’ नावाची एक घोषणा आहे. व्याकरणात अमुक इतके विरोध अपेक्षित आहेत असे तीत आकड्याने सांगितले, आणि प्रत्यक्ष तितकेच निघाले, की साधन गप्प राहते. ह्या घोषणेच्या मूळ रूपाइतकी व्याकरणाची हेळसांड दुसऱ्या कशात क्वचितच दिसेल. आकडा हा विरोधाचा परिचय नव्हे. नियमांत बदल करताना एक जुना विरोध नाहीसा झाला आणि दुसरा, कदाचित अधिक घातक, उत्पन्न झाला, तर बेरीज तीच राहते आणि इशारा मिळत नाही. पुढे ही घोषणा एकेका नियमापुरती लिहिण्याची सोय झाली, ती आधीच असावयास हवी होती.

येथे पाणिनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पीटर इंगरमन ह्यांनी १९६७ साली, बॅकस ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमलेखनपद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना केली, आणि तेव्हापासून भारतीय लेखनात ह्या साम्याचा उल्लेख अभिमानाने केला जातो. त्यातील बराचसा अभिमान अस्थानी आहे. अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रे प्रामुख्याने रूपसिद्धीची, म्हणजे शब्द घडविण्याची आहेत. दिलेल्या वाक्याचा अन्वय लावणे हा त्यांचा हेतू नव्हे. नियमलेखनातील साम्यही वरवरचे आहे, कारण पाणिनीचे नियम परिसरसापेक्ष आहेत आणि बॅकस ह्यांचे नाहीत. परंतु एका बाबतीत तुलना खरोखर उद्बोधक ठरते. ती म्हणजे विरोधाची.

अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसरे सूत्र, दोन तुल्यबळ नियम एकाच वेळी लागू होऊ पाहत असता कोणता घ्यावा, हे सांगते. परंपरेने त्याचा अर्थ ‘सूत्रपाठात नंतर आलेला घ्यावा’ असा केला. याकचा नियम ह्याच्या नेमका उलट, आधी आलेला घेण्याचा. आता हा ‘पर’ नियम सर्वत्र लावला तर अनेक ठिकाणी चुकीची रूपे येतात, हे वैयाकरणांना माहीत होते. कात्यायनाने वार्तिके लिहून तशी स्थळे नोंदविली. पतंजलीने ‘पर’ ह्या शब्दाचा ‘इष्ट’ असाही अर्थ घेऊन वाट काढली, म्हणजे एका परीने निर्णय बोलणाऱ्याच्या प्रयोगावर सोपविला. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट ह्यांच्या प्रबंधाने ‘पर’ म्हणजे पाठक्रमात नंतरचा नसून शब्दात उजवीकडे होणारे कार्य, असा अर्थ पुढे मांडला, आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. वाद अडीच हजार वर्षे जुना असून अद्याप मिटलेला नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांच्या महाभाष्याच्या भाषांतरामुळे त्याचा जुना भाग मराठी वाचकाला सविस्तर पाहता येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या परंपरेत विरोध हा लपविण्याचा विषय कधीच नव्हता. प्रत्येक स्थळ नावानिशी पुढे आणले गेले, उदाहरण दिले गेले, ‘येथे हा नियम का नाही’ ह्यावर भाष्य झाले. त्याच्या शेजारी ‘अपेक्षित विरोध : १’ ही ओळ ठेवून पाहावी.

कोष्टकाच्या दुसऱ्या घराण्याचा, एलएल पद्धतीचा, विचार थोडक्यात करता येईल. ल्यूइस आणि स्टर्न्स ह्यांनी १९६८ साली तिची व्याख्या केली. हिच्यात यंत्र वरून खाली येते, आणि पुढचे एक चिन्ह पाहून कोणता नियम लावावा हे आधीच ठरविते. अशा कोष्टकाला डावीकडे स्वतःचीच पुनरुक्ती करणारा नियम चालत नाही. वजाबाकीचा पहिला नियम म्हणून बदलावा लागतो : ‘वजाबाकी’ म्हणजे पद आणि ‘शेष’, ‘शेष’ म्हणजे उणे, पद आणि पुन्हा ‘शेष’, किंवा काहीच नाही. वाक्ये तीच राहतात. वृक्ष उजवीकडे कलतो, आणि ७ − ३ − २ चे उत्तर २ यावे ह्यासाठी डावीकडची बेरीजवजाबाकी हातोहात पुढे देण्याची निराळी व्यवस्था करावी लागते. ‘शेष’ ह्या वर्गाला भाषेच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तो कोष्टकाच्या सोयीसाठी जन्माला आला.

ह्याचे सर्वपरिचित उदाहरण पायथन ह्या भाषेचे आहे. २०२० साली तिची ३.९ ही आवृत्ती येईपर्यंत तिचा अन्वय एलएल कोष्टकाने लावला जाई. फल बोलाविताना नावासह दिलेले मूल्य, म्हणजे नाव, बरोबरीचे चिन्ह आणि मूल्य, हा प्रकार त्या भाषेत नित्याचा. परंतु कंसात आलेले नाव हे नुसते मूल्य आहे की बरोबरीच्या आधीचे नाव आहे, हे एकाच चिन्हावरून कळत नाही. म्हणून व्याकरणात बरोबरीच्या डावीकडे कोणतीही पदावली चालेल असे लिहिले गेले, आणि ती खरोखर नाव आहे की नाही ह्याची तपासणी अन्वय लागून गेल्यावर निराळ्या ठिकाणी होई. भाषेचे अधिकृत म्हणून प्रसिद्ध असलेले व्याकरण अशा रीतीने भाषेहून सैल होते. व्याकरण वाचून भाषा शिकू पाहणाऱ्याला ते चुकीची माहिती देत होते, आणि खरा नियम प्रोग्रॅमच्या पोटात होता.

सी भाषेतील प्रसिद्ध अडचण ह्याच जातीची आहे, पण तिचे मूळ निराळे. दोन नावांच्या मध्ये तारकाचिन्ह आले तर तो गुणाकार, की पहिले नाव प्रकाराचे असून दुसऱ्याची घोषणा? पहिल्या नावाची आधी प्रकार म्हणून घोषणा झाली असेल तर घोषणा, नाहीतर गुणाकार. मराठीत ‘कर’ हा शब्द हात, सरकारचा महसूल, की आज्ञार्थी क्रियापद, हे परिसरावरून ठरते, तसेच हे. कोष्टकाला परिसर दिसत नाही. म्हणून चिन्हे वेचणाऱ्या भागाने मागच्या घोषणांची यादी पाहून कोष्टकाला आधीच सांगावे लागते की हे नाव प्रकाराचे आहे. ह्या सोईला त्या क्षेत्रातील लोक स्वतःच जुगाड म्हणतात. येथे दोष कोष्टकावर ढकलणे न्याय्य होणार नाही. भाषाच तशी घडविली गेली.

अशा परिस्थितीत व्यवहारातील मोठ्या साधनांनी कोष्टकाकडे पाठ फिरविली ह्यात नवल नाही. जीसीसी ह्या कंपायलरसंचाने २००४ च्या ३.४ आवृत्तीत सी++ साठी, आणि २००६ च्या ४.१ आवृत्तीत सी साठी, याक-पद्धतीचे कोष्टक टाकून हाताने लिहिलेला पार्सर घेतला. गो भाषेच्या कंपायलरने २०१६ साली तेच केले. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये आपण कोणते वाक्य वाचीत आहोत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून ‘येथे अर्धविराम राहिला’ असे माणसाला समजेल असे सांगता येते. कोष्टकाला फक्त अवस्थेचा क्रमांक ठाऊक असतो. त्यातून, जागा वाचविण्यासाठी कोष्टकातील रिकाम्या घरांतही नेहमीचा संक्षेप भरून ठेवण्याची चाल पडली, आणि ‘येथे काय अपेक्षित होते’ ह्या प्रश्नाचे उत्तर अधिकच अविश्वसनीय झाले. वर ज्या आठ रिकाम्या घरांचा उल्लेख केला त्यांचे मोल ह्यावरून ध्यानात यावे.

परंतु ह्या माघारीचे जे गुणगान चालते त्यात सामील होण्यापूर्वी एक गोष्ट तपासली पाहिजे. हाताने लिहिलेला पार्सर कधीही ‘हे व्याकरण संदिग्ध असू शकते’ असे सांगत नाही. तो कार्यपद्धती आहे. त्याने जे केले तीच भाषा. क्नूथ ह्यांच्या कोष्टकातील परीक्षक तेथे अर्थातच नाही. कोष्टकाचे दोन उपयोग होते : प्रोग्रॅम वाचणे आणि व्याकरण तपासणे. व्यवहारात पहिला उपयोग दुय्यम ठरत गेला, हे मान्य करावे; दुसऱ्याला पर्याय निघालेला नाही. २०१५ साली इस्रादिसैकुल आणि मायर्स ह्यांनी कोष्टकातील विरोधावरून, शक्य असेल तेथे दोन अन्वय असलेले प्रत्यक्ष वाक्य, शोधून काढण्याची रीत दिली, आणि २०२० साली ती बायसनमध्ये आली. आता साधन अवस्थेच्या क्रमांकाऐवजी उदाहरण देते. कात्यायनाच्या पद्धतीकडे टाकलेले हे पाऊल आहे, आणि ते याकनंतर पंचेचाळीस वर्षांनी पडावे ह्याचा दोष सिद्धान्ताकडे जात नाही.

नैसर्गिक भाषांच्या अभ्यासकाला तिसरा मार्गही उपलब्ध आहे. एकाच घरात दोन आज्ञा आल्या तर एक खोडण्याऐवजी दोन्ही चालवाव्यात, चवडीला फाटे फुटू द्यावेत आणि पुढे ते जुळले तर जोडावेत. लांग ह्यांनी १९७४ साली ह्याचा सिद्धान्त मांडला व तोमिता ह्यांनी १९८५ च्या सुमारास तो इंग्रजी व जपानी वाक्यांसाठी वापरात आणला. ‘जुनी पुस्तके आणि वह्या’ ह्या पदसमूहात वह्या जुन्या आहेत की नाहीत हे कोष्टकाने ठरविण्याचे काम नाही. दोन्ही अन्वय जतन करून निर्णय अर्थाकडे सोपविणे हेच येथे शास्त्रशुद्ध. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोष्टक शिकवावयाचे तर ह्या रूपात आधी शिकवावे, आणि याकचे मौन नंतर दाखवावे. प्रचलित अभ्यासक्रमांत क्रम बहुधा उलटा असतो.

पायथनने २०२० साली एलएल कोष्टक टाकले ते ज्यासाठी टाकले, त्या पेग नावाच्या नियमपद्धतीविषयी शेवटी दोन शब्द आवश्यक आहेत. ब्रायन फोर्ड ह्यांनी २००४ साली ती मांडली. तिच्यात पर्यायांना क्रम असतो. पहिला पर्याय जुळला की दुसरा पाहावयाचा नाही. त्यामुळे पायथनचे व्याकरण पूर्वीपेक्षा भाषेच्या जवळ आले, नावासह मूल्याचा नियम आता तो जसा आहे तसा लिहिता येतो, हा लाभ खरा आहे. परंतु ही पद्धती व्याख्येनेच असंदिग्ध आहे, असे जे तिच्या बाजूने सांगितले जाते, त्यात संदिग्धता गेली नसून तिला नाव देण्याची सोय गेली आहे. ‘अंक, किंवा अंकामागून उणे व अंक’ असे दोन पर्याय ह्या क्रमाने लिहिले, तर दुसरा पर्याय त्या जागी कधीच लागू होणार नाही. एलआर-कोष्टकाने येथे दोन्ही पर्याय शेवटपर्यंत बाळगले असते आणि पुढील चिन्ह पाहून योग्य तो घेतला असता; जेथे ते शक्य नाही तेथे विरोध म्हणून ओरड केली असती. पेगमध्ये दुसरा पर्याय कागदावर राहतो, आणि तो मृत आहे हे सांगणे पद्धतीच्या व्याख्येत बसत नाही.